जोडविमान आणि ‘पर्ट’

‘पर्ट’चा धडा सुरू झाला की वर्गात मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : याचा आम्हाला उपयोग काय? १९५८ साली अमेरिकेच्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ही पद्धत वापरात आणली, हे सर्वांना पाठ असते. पण बी. कॉम. होऊन क्षेपणास्त्र बांधण्याचा योग आमच्यापैकी कुणाला येईलसे दिसत नाही. म्हणून मी एक घरगुती उदाहरण घेतो. सांबऱ्याहून विमानाने मुंबई गाठायची आणि त्याच रात्री लंडनचे विमान पकडायचे.

उदाहरण काल्पनिक नाही. माझी आत्या लंडनला एका इस्पितळात परिचारिका आहे. तीन आठवड्यांच्या रजेवर ती आली होती आणि परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तिची पाळी लागलेली होती. काकांचे म्हणणे, आदल्या दिवशीच मुंबईला जाऊन लॉजवर राहावे, जिवाला घोर नको. आज्जीचे म्हणणे, शेवटची रात्र पोर माझ्याजवळ निजू दे, पुन्हा कधी येते कुणास ठाऊक. आज्जीचे वय ब्याऐंशी. तेव्हा या वाक्याला उत्तर कुणाजवळ नव्हते. घरात कॉमर्सवाला मी एकटाच. वही माझ्यापुढे आली.

प्रथम तिकिटाविषयी. सबंध प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय लावणे हे विमान कंपनीचे काम ठरते. त्यात सामानही बहुधा थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत जाते. दोन वेगळी तिकिटे म्हणजे दोन वेगळे करार. पहिली कंपनी म्हणते, तुम्हाला मुंबईला पोचवले, आमचे काम झाले; दुसरी म्हणते, तुम्ही वेळेवर आला नाहीत. कायद्याच्या तासाला करार शिकताना हे इतके स्पष्ट कधी वाटले नव्हते. आपल्या गावाहून सुटणारे प्रत्येक विमान परदेशी कंपनीच्या तिकिटात जोडून मिळतेच असे नाही, त्यामुळे बेळगावकरांच्या वाट्याला पुष्कळदा दोन तिकिटेच येतात. आत्याचीही तशीच होती.

आता लंडनचे विमान रात्री दीड वाजता सुटते असे धरू. सामान घेण्याचा काउंटर साधारण तासभर किंवा थोडा आधी बंद होतो. आपण सव्वा तास धरू. म्हणजे गाठायची वेळ दीडची नसून सव्वाबाराची आहे. पर्टमध्ये शेवटच्या टोकाकडून मागे मोजत यावे असे सांगतात, ते याचसाठी.

मुंबईला पहिल्या विमानाच्या ठरलेल्या वेळेपासून काउंटरवर बॅग देईपर्यंत चार कामे येतात. प्रत्येकाला तीन काळ द्यायचे : आशावादी, संभाव्य आणि निराशावादी. आकडे मी घरातल्या आणि ओळखीच्या प्रवास करणाऱ्यांना विचारून धरले आहेत. विमानाचा उशीर ०, २० आणि १६० मिनिटे. पट्ट्यावरून बॅगा हाती येणे १५, २५, ६५. टर्मिनल एकवरून टर्मिनल दोनला जाणे २०, ३५, ८०. दारावरची तपासणी व काउंटरची रांग २०, ४५, १००. आशावादी काळ, संभाव्य काळाची चौपट आणि निराशावादी काळ यांची बेरीज करून सहाने भागले की अपेक्षित काळ येतो. तो अनुक्रमे ४०, ३०, ४० आणि ५० मिनिटे. एकूण १६०.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चारही संभाव्य काळ नुसते मिळवले तर १२५ मिनिटे होतात. त्यात सव्वा तास घातला की तीन तास वीस मिनिटे. ‘साडेतीन तास म्हणजे रग्गड’ असे जे आपण सर्रास ऐकतो, ते याच बेरजेतून आलेले असते. पण उशीर एका बाजूलाच वाढत जातो. विमान वीस मिनिटे लवकर येईल, एकशेसाठ मिनिटे लवकर येणार नाही. म्हणून अपेक्षित काळ संभाव्य काळाच्या पुढे सरकतो.

प्रत्येक कामाच्या दोन टोकांमधील फरकाला सहाने भागून, वर्ग करून, बेरीज करून वर्गमूळ काढले तर प्रमाण विचलन सुमारे साडेबत्तीस मिनिटे येते. त्यावरून प्रसामान्य वितरणाचा तक्ता उघडला. साडेतीन तासांच्या अंतरात विमान मिळण्याची शक्यता शंभरात जेमतेम बावीस! चार तासांत छपन्न. पाच तासांत सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. तीन आणि पाच यांच्यातला फरक दोन तासांचा दिसतो, पण तक्त्यात पाहावे तो किती मोठा आहे.

टर्मिनलच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. एक नंबर सांताक्रूझच्या बाजूला, दोन नंबर सहारला. बाहेर पडून रस्त्याने जावे लागते आणि मधली वाहतूक मुंबईची असते. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आहेत. तेव्हा तिकिटावर ‘मुंबई’ एवढेच वाचून भागत नाही. बीओएम की एनएमआय हे पाहिलेच पाहिजे. या दोन विमानतळांची जोडणी करायची झाल्यास वरचा सगळा हिशेब रद्द समजावा. तारखेचेही तसेच. पंधरा तारखेला रात्री दीडचे विमान म्हणजे घरातून निघायचे चौदाला.

आमच्या सरांना वही दाखवली. त्यांनी दोन ठिकाणी लाल रेघ मारली. पर्टचे हे गणित कामे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरते आणि कामे पुष्कळ असली तरच तक्ता नीट लागू पडतो. चार कामांत एकट्या उशिराचेच वजन निम्म्याहून जास्त. शिवाय पावसाळ्यात ज्या दिवशी विमानाला उशीर, त्याच दिवशी रस्ताही तुंबलेला. दुसरी रेघ अधिक गंभीर होती : उड्डाण रद्द झाले तर? तो काही १६० मिनिटांचा उशीर नव्हे. डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम पाळण्याइतके वैमानिक एका मोठ्या कंपनीकडे नव्हते आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. तक्ता तिथे गप्प बसतो.

म्हणून पुढचा हिशेब रस्त्याचा केला. बेळगाव ते मुंबई पाचशे किलोमीटरच्या आत-बाहेर, गाडीने दहा तास. वाटेतल्या अडचणींसाठी दोन तास अधिक. रात्री सव्वाबाराला काउंटर गाठायचा तर गाडी दुपारी सव्वाबाराला बेळगावातून सुटली पाहिजे. संध्याकाळचे विमान पाच तासांच्या कसोटीला उतरते, पण ते सहा वाजता रद्द झाले की हातात काही उरत नाही. सकाळचे विमान दहा वाजता रद्द झाले तरी टॅक्सी बोलवायला दोन तास असतात. पर्टच्या भाषेत ही सवड. काकांनी तिला ‘टॅक्सीची सवड’ असेच नाव ठेवले.

लॉजचेही गणित मांडले. विमान चुकल्यास ऐनवेळचे तिकीट साठ हजारांचे धरले, तर शंभरात सव्वादोनच्या हिशेबाने सरासरी नुकसान तेराशे-चौदाशे रुपयांचे. लॉज चार हजारांचा. नुसत्या सरासरीने लॉज तोट्यात जातो. अर्थात विम्याचा हप्ताही सरासरीने तोट्याचाच असतो आणि लोक तो भरतात. कारण आत्या काही शंभर वेळा जाणार नव्हती, एकदाच जाणार होती, आणि दुसऱ्या दिवशीची पाळी पैशात मोजता येत नव्हती. सकाळच्या विमानाने हा वादच मिटला. आज्जीला तिची रात्र मिळणार आणि काकांना टॅक्सी. मुंबईतला दिवस दादरला नातलगांकडे.

राहिले वजन. लंडनच्या तिकिटावर तेवीस किलोच्या दोन बॅगा, आणि इथल्या विमानात एकूण पंधरा किलो. तिकिटे वेगळी म्हणजे जादा वजनाचे पैसे वेगळे, आणि वेगळ्या तिकिटांत वाचलेली रक्कम पुष्कळदा इथेच परत जाते. हे खाते मी आधी मांडलेच नव्हते, कारण ते आज्जीच्या ताब्यात होते. तिने लोणच्याच्या दोन बरण्या, मसाला आणि कुंदा काढून ठेवला होता, तराजू बघायला ती तयार नव्हती, आणि आत्याही तिला नको म्हणत नव्हती.