येता-जाता

संध्याकाळचे सहा. एरंडवण्यातल्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचं घर. आत्या नगररचनेच्या नोकरीतून निवृत्त झालेली. भाचा दीड वर्षाच्या चिमीला मांडीवर घेऊन बसलाय आणि चिमी वाघोलीच्या एका गृहप्रकल्पाचं चकचकीत माहितीपत्रक चघळतेय.

भाचा : आत्या, तू एवढंच सांग, घ्यावा की नाही? वाघोलीला तीन बेडरूम, पोहण्याचा तलाव, क्लबहाउस. तेवढ्याच पैशात इकडे दोन बेडरूम, लिफ्ट नाही आणि पार्किंगची रडकथा.

आत्या : घराचं नंतर बघू. मित्रांना शेवटचा कधी भेटलास?

भाचा : मार्चमध्ये. तेही ही रडायला लागली म्हणून अर्ध्या तासात निघालो. ग्रुपवर रोज 'भेटू या' चाललेलं असतं, तारीख काही ठरत नाही.

आत्या : नाहीच ठरणार. तारीख, गाडी, हिची झोप आणि हिची पिशवी, असं सगळं एका वेळी जुळावं लागतं. मूल लहान असलं की ठरवून भेटणं पहिलं जातं. उरते ती येता-जाता होणारी भेट. दूध आणायला उतरलास, कुणी दिसलं, पाच मिनिटं बोललास, झालं.

भाचा : पाच मिनिटांत कसली मैत्री होते?

आत्या : एकदाच्या पाच मिनिटांत नाही होत. तोच माणूस आठवड्यातून चारदा दिसला की होते. डोनल्ड अॅपलयार्ड नावाच्या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोत साधारण सारख्याच वस्तीतले तीन रस्ते निवडले होते. 1972 साली तो अभ्यास छापून आला. एका रस्त्यावर दिवसाला सुमारे 2,000 गाड्या, दुसऱ्यावर 8,000, तिसऱ्यावर 16,000. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी सरासरी 3 मित्र आणि 6.3 ओळखीचे निघाले. सर्वांत गजबजलेल्या रस्त्यावर 0.9 मित्र आणि 3.1 ओळखीचे.

भाचा : म्हणजे एक अख्खा मित्रसुद्धा नाही!

आत्या : कारण साधं आहे. दारात गाड्या धडधडत असल्या की माणूस पायरीवर टेकत नाही, मुलाला बाहेर सोडत नाही, समोरच्या बाजूला जात नाही. घरात शिरतो आणि दार लावतो.

भाचा : मग हे वाघोलीच्याच बाजूने झालं की! तिथे गाड्या सगळ्या तळघरात, वर पोडियमवर मुलं मोकाट. इथे कर्वे रोडला बाबागाडी घेऊन उतरलो तर फुटपाथवर निम्म्या जागेत स्कूटर आणि उरलेल्या निम्म्यात विजेचा डबा.

आत्या : बरोबर बोललास. जुनं ते सोनं असं मी म्हणतच नाहीये. आपल्या पेठांत दुकानं दारात आहेत, पण चालायला जागा नाही. लक्ष्मी रोडला 2021 पासून 11 डिसेंबरला गाड्या बंद ठेवून पादचारी दिन करतात. चालण्याचा दिवस साजरा करावा लागतो, यावरून बाकीचे 364 दिवस ओळख. जंगली महाराज रस्त्यावर मात्र फुटपाथ रुंद केले, बसायला बाक टाकले, आणि आज्या नातवंडांना घेऊन तिथे टेकायला लागल्या.

भाचा : तर मग पोडियम काय वाईट?

आत्या : वाईट नाहीच. हिची आई दिवसभर हिच्याबरोबर एकटी असते. तिला खाली दुसऱ्या चार आया भेटल्या तर सोन्याहून पिवळं. फक्त त्या सगळ्या तुमच्याच वयाच्या, तुमच्याच पगाराच्या असतील. रद्दीवाला, इस्त्रीवाला, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, ही माणसं गेटच्या बाहेर. आणि मुलं मोठी झाली की पोडियम पुरत नाही. मेयर हिलमन यांनी इंग्लंडमधल्या सात-आठ वर्षांच्या मुलांचा हिशेब मांडला होता. 1971 मध्ये शंभरातली 80 मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची, 1990 मध्ये फक्त 9.

भाचा : बाकीच्यांना सोडायला आईबाप?

आत्या : बहुतेक. मूल स्वतः जायचं थांबलं की आईबाप ड्रायव्हर होतात. शाळा, क्लास, पोहणं, वाढदिवस. मग तुझा उरलासुरला वेळही स्टिअरिंगवर. तिसऱ्या बेडरूमचा हप्ता बँकेत भरशील, पण त्याचा दुसरा हप्ता नगर रोडवर भरावा लागेल.

भाचा : घाबरवतेस की सल्ला देतेस?

आत्या : मोजायला सांगतेय. कार्पेट एरिया तुम्ही इंचाइंचाने मोजता ना? तशी चाल मोज. दूध, भाजी, मुलांचे डॉक्टर, पाळणाघर आणि ज्याच्याकडे फोन न करता जाता येईल असं एक घर. हिला कडेवर घेऊन दहा मिनिटांत यातलं किती गाठता येतं? इथे तीन जमत असतील आणि तिथे चार, तर खुशाल तिथे जा.

भाचा : रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला जातोच आहोत. तेव्हा बघतो.

आत्या : रविवारी नको, त्या दिवशी ते चहा पाजतात. बुधवारी सहाला जा. गेटच्या बाहेर चालून बघ, रस्ता ओलांडून बघ. खाली बाकावर कोण बसलंय ते बघ. आणि कुणीच बसलेलं नसेल तर तेही लक्षात ठेव.

भाचा : आणि इकडचं?

आत्या : इकडचं आत्ता बघ. आमटीला कोथिंबीर नाहीये. हिला घे आणि कोपऱ्यावरून एक जुडी आण. जाऊन-येऊन आठ मिनिटं.

तो चाळीस मिनिटांनी आला. चिमीच्या हातात कुणीतरी दिलेलं बिस्किट होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाचं तरी बाळ हिच्याहून दोनच महिन्यांनी मोठं आहे, हे त्याने दारातूनच सांगितलं. कोथिंबीर आणायची राहिली होती.