‘टेट्रा’ या उपसर्गाचा परिचय

टेट्राहेड्रन, टेट्रापॉड, टेट्रार्क असे शब्द इंग्रजीच्या वा गणिताच्या पाठात आले म्हणजे मुले ते पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. यात स्मरणशक्तीचा दोष थोडा. शब्दाचा आरंभ कोणी उकलून दाखविलेला नसतो, हे खरे कारण होय.

‘टेट्रा’ हे ग्रीक भाषेतील ‘चार’ या संख्येचे समासात येणारे रूप आहे. ग्रीक ‘तेत्तारेस’, लॅटिन ‘क्वात्तुओर’ आणि संस्कृत ‘चतुर्’ हे एकाच प्राचीन मुळापासून निघालेले शब्द असून चौक, चौरंग, चौकट यांतील ‘चौ’ त्याच कुळातला आहे. नागपुरात काही वर्षे राहून शास्त्रीय परिभाषा घडविणारे डॉ. रघुवीर यांनीही ग्रीक-लॅटिन उपसर्गांसाठी संस्कृत उपसर्ग योजण्याचीच वाट धरली होती. त्यांचे काही शब्द जड वाटले व रुळले नाहीत. पण शब्द फोडून पाहण्याची ती रीत वर्गात आजही कामाची आहे.

आरंभ टेट्राहेड्रनपासून करावा. ‘हेड्रा’ म्हणजे बैठक. म्हणून चार बैठकी अथवा चार पृष्ठे असलेली आकृती, अर्थात चतुष्फलक. ‘चार’ ऐकताच मुले चौकोन काढतात. पण या आकृतीत चौकोन एकही नसतो. बारा सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण कागदातून कापावा, बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या रेषांवर घड्या घालाव्यात आणि तिन्ही कोपरे वर उचलून एकत्र आणावेत. हाती येणाऱ्या आकृतीची पृष्ठे चार, शिरोबिंदू चार व कडा सहा, हे मुलांनी स्वतः मोजावे. दुधासाठी याच आकाराच्या कागदी पिशव्या काढून स्वीडनमध्ये १९५१ साली टेट्रा पाक ही कंपनी निघाली. आंब्याच्या रसाच्या ज्या चौकोनी डब्यांवर हे नाव आज दिसते त्यांना पृष्ठे सहा असतात. नाव मात्र चाराचेच राहिले.

टेट्रापॉड म्हणजे चार पायांचा. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कडेला लाटा अडविण्यासाठी ठेवलेले काँक्रीटचे चार टोकांचे ठोकळे याच नावाने ओळखले जातात. प्राणिशास्त्रात मात्र बैलाबरोबर चिमणी, माणूस, इतकेच नव्हे तर सापही टेट्रापॉड ठरतो. कारण तेथे चार अवयवांच्या पूर्वजांपासूनचा वंश पाहतात, आजचे पाय मोजत नाहीत. मराठीतील ‘चतुष्पाद’ या शब्दाशी त्याची सरमिसळ होऊ देऊ नये.

टेट्रार्कचा अर्थ मुळात चौथ्या हिश्शाचा शासक. पुढे रोमन अमलात कोणाही लहान मांडलिकास तो शब्द लागू झाला. गालीलचा हेरोद अंतिपा असाच टेट्रार्क होता. नागपूरच्या मुलांना याचे जवळचे उदाहरण देता येते. रघूजी भोसले यांच्याशी १७५१ साली झालेल्या तहात बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने चौथाईपोटी वर्षाला बारा लक्ष रुपये देण्याचे मान्य केले. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा भाग. पण येथे ठरली ती बांधीव रक्कम. दोन्ही शब्दांतून हिशेब गळाला आणि अधिकार तेवढा उरला. इतिहासाच्या तासाला हे सांगितल्यास दोन विषयांचे काम एकदम साधते.

टेट्रासायक्लिन या औषधाच्या नावातील चार म्हणजे त्याच्या रेणूतील चार कडी. इतके सांगून पुढे जावे.

उपसर्ग समजला की मुले तो नको तेथेही लावू लागतात. ‘टेटॅनस’ हा शब्द दिसायला याच घरचा वाटतो. परंतु त्यात ‘ट्रा’ नाही. तो ताणणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला आहे. या रोगात स्नायू ताठ होऊन अंग धनुष्यासारखे वाकते, म्हणूनच मराठीत त्याला धनुर्वात म्हणतात. हा फरक फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहून दाखवावा. आणि त्याच वेळी, शेतात गंजका खिळा पायात गेला तर जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, हेही मुलांकडून वदवून घ्यावे.