भाकरीचे स्थिरचित्र

स्थिरचित्राला सफरचंदेच लागतात, असे नाही. पॅरिसच्या राजेशाही अकादमीत हा प्रकार सर्वांत खालचा मानत; तरी शार्दँला १७२८ मध्ये तेथे प्रवेश मिळाला तो टांगलेला मासा आणि स्वयंपाकाची भांडी रंगवून.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जोंधळ्याची भाकरी आणि कांदा रंगवतो. उजेड एकाच खिडकीतून घ्यावा. डोळे किलकिले करून आधी गडद-फिकट भाग ठरवावेत. कांद्याची चमक म्हणजे कोरा राखलेला कागद. सावलीत नुसता काळा नको. निळ्यात तपकिरी मिसळावा. जमेशिवाय नावे नाही, तसा सावलीशिवाय उजेड दिसत नाही.

मराठीत भाकरी म्हणा, कन्नडमध्ये रोट्टी. तव्याचे डाग तेच. अर्ध्या तासात चित्र संपवावे. भाकरी वाळते, आणि ती खायची असते.