नरारा: आधी ओहोटी, मग द्वारका

कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान बघायला निघालेल्यांना मी पहिल्यांदा एवढंच विचारते, ओहोटीची वेळ काढलीत का? गाडी, हॉटेल, देवदर्शन सगळं मागाहून ठरतं. १९८२ साली जाहीर झालेलं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. बेटं पुष्कळ आहेत, पण बेटांवर जायचं तर बोट आणि परवानगी दोन्ही हवं. जामनगरपासून साठेक किलोमीटरवरच्या नराऱ्याला मात्र चालत जाता येतं. पाणी मागे सरलं की प्रवाळाचा पट्टा उघडा पडतो, आणि पोहता न येणारी माझ्यासारखी बाईसुद्धा समुद्राच्या तळावरून फिरून येते. पाणी मागे सरलं की, हे महत्त्वाचं.

आमच्या टूरवाल्याने पत्रकात छापलं होतं, ‘सकाळी द्वारकादर्शन, परतताना वाटेत नरारा’. नकाशावर वाट सरळच दिसते. द्वारकेला रांग लांबली, नाश्ता झाला, आणि फाटकाशी पोचलो तेव्हा ओहोटी संपून पाणी फिरलं होतं. वनखात्याच्या चौकीवर नावं लिहिली, गाईड घेतला. तो म्हणाला, लांब जायचं नाही, अर्ध्या तासात मागे फिरायचं. किनाऱ्यापासून प्रवाळापर्यंतच चांगली पायपीट आहे. तिथं पोचलो न पोचलो तोच माझ्या नणंदेच्या मुलाला ऑक्टोपस दिसला. मग कोण हलतंय! घोटाभर पाण्याच्या डबक्यात तळहाताएवढा जीव, दगडाच्या रंगाचा. आमची सावली पडली तसा पांढुरका झाला, पुन्हा तपकिरी झाला, आणि बोटही शिरणार नाही अशा फटीत आठही हातांसकट ओघळून गेला. आम्ही फटीकडे बघत बसलो.

‘बेन, पाणी चडे छे,’ गाईडभाई दोनदा म्हणाला. आम्हाला पाणी कुठेच दिसेना, कारण आम्ही समुद्राकडे बघत होतो. इथला किनारा इतका सपाट आहे की लाट अंगावर येत नाही. भरती चरांमधून शिरते आणि तुमच्या पाठीमागचा सखल भाग आधी भरते. परतीच्या वाटेवरची कोरडी वाळू मांडीभर पाण्याखाली गेली होती. पाणी गढूळ, पाय कुठे टाकतोय ते दिसेना. गाईडभाई काठीने चाचपत पुढे, आम्ही हात धरून मागे. नणंदेच्या पायातली सँडल चिखलाने ओढून घेतली आणि पुढचंच पाऊल प्रवाळावर पडलं. जखम बोटभरच होती, पण आठवडाभर पू झाला. प्रवाळाचे बारीक कण आत राहिले तर असं होतं. स्वच्छ पाण्याने नीट धुवून डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

म्हणून पट्ट्याचे, घट्ट तळाचे, भिजले तरी चालतील असे जुने बूटच घाला. चपला आणि फ्लोटर हॉटेलवर ठेवा.

वेळेचं म्हणाल तर कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरती काढतात. तो हिशेब इथं जसाच्या तसा लावू नका. ओख्याकडून शिरलेलं पाणी आखातात आत पोचायला वेळ घेतं, त्यामुळे कोष्टक त्याच भागाचं हवं, आणि त्याहूनही आदल्या दिवशी गाईडला फोन करणं खात्रीचं. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा गेल्या आठवड्यात जाऊन आलेल्या शेजाऱ्यांचा सल्ला उपयोगाचा नाही. पुनव किंवा अवस होऊन गेल्यावरचे दोन-तीन दिवस उत्तम, पाणी लांबवर हटतं. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पट्टा पुरता उघडत नाही. पाणी अजून उतरत असतानाच आत शिरा आणि ओहोटी पूर्ण झाली की हळूहळू परतीला लागा. हिवाळ्यात जा, तरीही टोपी आणि प्यायचं पाणी लागतंच, सावली औषधालाही नाही.

गाईडच्या पावलावर पाऊल टाका. वळ्यावळ्यांचा गोल दगड वाटतो ते जिवंत प्रवाळ असतं. फुगा मासा हातात घेऊन फुगवून दाखवा, असा हट्ट काही पर्यटक धरतात. तो मासा मजेने नव्हे, जिवाच्या भीतीने फुगतो. गाईड तयार झाला तरी आपण नको म्हणावं. समुद्रकाकडी, खेकडे, तारामासे जागच्या जागी बघावेत. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

अस्पर्श किनारा वगैरे वाचून आलात तर क्षितिजावरची धुराडी खटकतील. वाडीनारचं तेलाचं बंदर शेजारीच आहे. मला तर त्या धुराड्यांच्या साक्षीने हा पट्टा जगतोय याचंच नवल जास्त वाटलं.

भरती आल्यावर थांबण्यात अर्थ नाही. उन्हं उतरल्यावर जामनगरजवळच्या खिजडिया अभयारण्यात पक्षी बघा. द्वारकेला दुसऱ्या दिवशी जा. तिथली आरतीची वेळ चंद्रावर ठरत नाही.