मुळा-मोहरीवरील काळी अळी कशी ओळखावी?

धाराशिव जिल्ह्यात रब्बी हंगामात मुळा, मोहरी किंवा कोबीच्या कोवळ्या पानांस भोके दिसताच अळी हाती घेऊन पाहावी. पुढील 3 जोड्या पायांखेरीज मागे मऊ पायांच्या 8 जोड्या असल्यास ती करवत माशीची अळी होय. पतंगाच्या अळीस अशा जोड्या फार तर 5 असतात. ही अळी काळपट, सुरकुतलेली असून स्पर्श होताच वेटोळे करून खाली पडते. तिची नारिंगी माशी मधमाशीच्याच गणातील. मात्र तिची कंबर बारीक नसते व अंडी घालण्याचे अंग करवतीसारखे असते.

पतंगाच्या अळ्यांसाठीची बीटी जिवाणूंची फवारणी हिच्यावर व्यर्थ जाते. दुपारी ती मातीत दडते. म्हणून सकाळ-सायंकाळ वेचून साबणाच्या पाण्यात टाकावी. पीक निघताच नांगरट करून मातीतील कोष उघडे पाडावेत.