निवाड्याची शुद्ध प्रत

जुन्या निवाड्याची प्रत करणे हे निव्वळ लेखनिकाचे काम नव्हे. जबलपूरच्या खटल्याचे उदाहरण पाहा. आणीबाणीतील स्थानबद्धांना दाद मागता येते, असे तेथील उच्च न्यायालयाने मानले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते अमान्य केले. विरुद्ध मत न्या. हंसराज खन्ना यांचे होते.

या निकालपत्रात पाच न्यायमूर्तींची पाच स्वतंत्र मते आहेत. शीर्षक चुकले, तर एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या नावावर जाते; एक ‘नाही’ गळला, तर हक्कच उलटा होतो. म्हणून विकिस्रोतावर स्वयंसेवक एकाने तपासलेले पान दुसऱ्याकडून पडताळून घेतात. न्यायालयाची मनाई नसल्यास निवाडे पुन्हा प्रसिद्ध करण्याची मोकळीक १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानेच दिली आहे.

अनुवादकाची जोखीम वेगळी. ‘स्थानबद्धता’ खटल्यावाचून असते, ‘कारावास’ शिक्षेनंतरचा. येथे शब्दांची अदलाबदल झाली, तर माणूस विनाकारण दोषी ठरतो. शंका आल्यास मूळ इंग्रजी पाठच प्रमाण मानावा.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निर्णय चुकीचा ठरविला. एकट्याचे मत जसेच्या तसे जपले गेले होते, म्हणूनच ते पुढे कामी आले.