इंग्रजी शब्दपाठ : ‘स्टॅम्पीड’ आणि ‘क्रश’

वरच्या इयत्तांना इंग्रजी शिकविताना शब्दापुढे एक मराठी प्रतिशब्द फलकावर लिहून पुढे जाण्याचा प्रघात आहे. बहुतेक शब्दांच्या बाबतीत तेवढ्याने काम भागते. परंतु काही शब्दांचा चुकीचा प्रतिशब्द मनात रुजला, म्हणजे घटनेचे आकलनच विपरीत होते. ‘स्टॅम्पीड’ हा अशांपैकी एक होय. यात्रेत किंवा रेल्वेस्थानकावर गर्दीत माणसे दगावली की इंग्रजी वृत्तपत्रे हा शब्द सर्रास योजतात आणि त्याचा अर्थ ‘चेंगराचेंगरी’ असा सांगितला जातो. वस्तुतः हे दोन शब्द एकाच क्रियेचे वाचक नाहीत.

मूळ अर्थ

‘स्टॅम्पीड’ हा शब्द मेक्सिकोतील स्पॅनिश भाषेतून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील इंग्रजीत आला. तेथील विस्तीर्ण कुरणांत चरणारी गुरे किंवा घोडे एकाएकी बिथरून वाट फुटेल तिकडे धावत सुटत. त्या धावण्यास हे नाव पडले. खेड्यातील मुलांना हा अर्थ परका नाही. वीज कडाडली आणि गुरे उधळली, असे आपण म्हणतो. कळपाचे असे ‘उधळणे’ म्हणजेच ‘स्टॅम्पीड’. म्हणजे या शब्दात भीती आहे, धाव आहे आणि धावण्यापुरती मोकळी जागाही गृहीत आहे. हिंदीतील ‘भगदड’ हा शब्द याच्या जवळचा, कारण त्यातही पळणे आहे.

‘चेंगरणे’ यात मात्र पळणे नाही, दाबले जाणे आहे. त्यास योग्य इंग्रजी शब्द ‘क्रश’. साखर कारखान्याच्या गाळप हंगामास ‘क्रशिंग सीझन’ आणि खडी फोडणाऱ्या यंत्रास ‘क्रशर’ म्हणतात, हे सांगितल्यास मुलांना अर्थ चटकन उमगेल.

प्रभादेवीचे उदाहरण

मुंबईतील प्रभादेवी स्थानकाचे नाव जुलै २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड असे होते. या स्थानकास शेजारच्या परळ स्थानकाशी जोडणारा एक अरुंद पादचारी पूल होता. परिसरातील कापडगिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांच्या उंच इमारती आल्या, येणाऱ्याजाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. पूल मात्र तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास जोराचा पाऊस आला. खाली उतरणारे लोक पावसामुळे जिन्यावरच थांबले आणि मागून गाड्यांतून उतरलेले लोक येतच राहिले. त्या दाबात २३ जणांचा अंत झाला.

कोणी तरी ‘फूल गिर गया’ असे ओरडले आणि ते ‘पुल गिर गया’ असे ऐकू गेल्याने घबराट पसरली, असे एका प्रवाशाच्या सांगण्यावरून वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते. ते खरे धरले तरी पळण्यास तेथे जागा कोठे होती? इंग्रजी वृत्तपत्रांनी या घटनेस ‘स्टॅम्पीड’ म्हटले. मराठी वृत्तपत्रांनी ‘चेंगराचेंगरी’ म्हटले. येथे मराठी शब्दच यथार्थ होता. पुढे लष्कराकडून नवा पादचारी पूल बांधवून घेण्यात आला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. अपुरी जागा हे संकटाचे एक मूळ होते, याची ही कबुलीच नव्हे काय?

शब्द आणि दोष

अशा गर्दीत बहुतेकांचा मृत्यू पायदळी तुडविले गेल्याने होत नाही. छाती फुगण्यास जागा न उरल्यामुळे श्वास कोंडतो आणि माणूस उभ्याउभ्याच प्राणास मुकतो. एका चौरस मीटरमध्ये पाचांहून अधिक माणसे दाटली की धोका सुरू होतो. सातांच्या आसपास गर्दी पाण्याच्या लोंढ्यासारखी हेलकावू लागते आणि तीत कोणाचेही पाऊल त्याच्या स्वाधीन राहत नाही.

‘स्टॅम्पीड’ म्हटले की लोक गुरांसारखे उधळले, असा दोष मृतांवरच जातो. ‘क्रश’ म्हटले की वाट किती रुंद होती, लोंढा कोणी अडविला नाही, हे प्रश्न उभे राहतात. इंग्लंडातील शेफील्ड येथे हिल्सबरो क्रीडांगणावर १५ एप्रिल १९८९ रोजी अशाच दाबामुळे अखेर ९७ जणांचे प्राण गेले. कित्येक वर्षे दोष प्रेक्षकांच्या माथी मारला जात होता. २०१६ मध्ये मृत्यूंच्या चौकशीतील पंचांनी प्रेक्षकांचा दोष नव्हता, असा निर्णय दिला.

वर्गात घ्यावयाचा पाठ

१. ‘उधळणे’ व ‘चेंगरणे’ या क्रियापदांची वाक्ये मुलांकडून काढून घ्यावीत. मगच इंग्रजी शब्द सांगावेत.

२. ‘स्टॅम्पीड’चा उच्चार करताना आघात ‘पीड’वर द्यावा. हा शब्द नाम व क्रियापद असा दोन्ही प्रकारे येतो : ‘द कॅटल स्टॅम्पीडेड’, म्हणजे गुरे उधळली. लाक्षणिक अर्थाने, घाबरवून एखाद्यास घाईचा निर्णय घ्यावयास लावणे, असाही त्याचा उपयोग होतो.

३. दोन्ही क्रिया एकामागून एक घडू शकतात, हेही सांगावे. मोकळ्या मैदानातून लोक पळत सुटले तर ‘स्टॅम्पीड’. तेच लोक अरुंद दारात अडकले की ‘क्रश’.

स्वाध्याय

पुढील प्रसंगी कोणता शब्द योजाल?
(अ) फटाक्याच्या आवाजाने बाजारातील बैल उधळले.
(आ) देवळाच्या अरुंद पायऱ्यांवर भाविक दाटीत दबले.
(इ) मैदानात साप निघाल्याची आवई उठताच मुले चहूकडे पळाली.
उत्तरे : (अ) स्टॅम्पीड, (आ) क्रश, (इ) स्टॅम्पीड.

२५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे ३०० भाविक मृत्यू पावले. चढणीची अरुंद वाट आणि नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या यांचा त्यात मोठा वाटा होता. गावोगावच्या यात्रांत शिक्षक स्वयंसेवक म्हणून उभे राहतात, म्हणून हा भेद त्यांनी केवळ भाषेपुरता मानू नये. पुढची वाट तुंबली की मागचा लोंढा दूरवरच थोपवावा. पुढच्यांना ‘पळू नका’ असे ओरडून उपयोग नाही. शाळेत जिना असल्यास सुटीची घंटा होताच सर्व वर्ग एकदम न सोडता एकेक वर्ग सोडावा आणि एक वर्ग खाली उतरल्यावरच दुसऱ्यास उठवावे.